साधनेचे सामान

कराडहून एका २६ वर्षांच्या अभियंत्याने मला चार प्रश्न विचारले आहेत. पुस्तकांतून आणि चित्रफितींतून त्यांनी विक्का (जादूटोण्याला धर्म मानणारा आधुनिक इंग्रजी पंथ), पाश्चात्त्य विधियुक्त जादू, आपल्याकडची शाबरी विद्या (नाथांच्या नावाचे लोकभाषेतले मंत्र) आणि श्रीविद्या (श्रीयंत्रावर केलेली देवीची उपासना) यांची बरीच माहिती गोळा केली असून आता त्यांना प्रत्यक्ष सुरुवात करायची आहे. सुरुवात कोठून करावी, यातून खरोखर काही घडते का, कायद्याची अडचण येते का आणि गुरूवाचून चालेल का, असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी खरेदीची यादीही आहे: काळे वस्त्र, दुधारी सुरा, तांब्याचे श्रीयंत्र, स्फटिकाची माळ, गोरोचन, अष्टगंध. ती वाचून मला हसू आले, कारण विशीत माझ्याही खिशात अशीच एक यादी असे. पुढच्या पन्नास वर्षांत तिच्यातला एकेक जिन्नस कसा गळत गेला, ते सांगितले म्हणजे बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातच येतील.

माझे बालपण शिराळा तालुक्यातल्या एका वाडीत गेले. बत्तीस शिराळ्याला गोरक्षनाथांचे स्थान, वाळव्याकडे मच्छिंद्रगड, त्यामुळे नाथांची आण घालणारे मंत्र आमच्या भागात ओव्यांइतकेच सहज कानावर पडत. माझी आजी बाळंतपणे करायची, दृष्ट काढायची, विंचू उतरवायची आणि दाणे बघायची. दाणे बघणे म्हणजे काय, ते तुमच्या पिढीने पाहिले नसेल म्हणून सांगतो. ती सुपात जोंधळे घेऊन बसे. समोरच्या बाईने प्रश्न सांगितला की चिमूटभर दाणे उचलून जमिनीवर ठेवी आणि जोडीजोडीने बाजूला सारी. शेवटी एकटा दाणा उरला तर देवाचा होकार, जोडी उरली तर नकार. नववीत असताना मी एका वहीत तिचे कौल लिहून ठेवू लागलो: तारीख, प्रश्न, आलेला कौल आणि पुढे काय झाले. दोनेक वर्षांनी वही चाळली तेव्हा खरे ठरलेले आणि चुकलेले कौल जवळजवळ सारखेच निघाले, आणि सम-विषमाच्या खेळात दुसरे निघणार तरी काय? पण त्याच वहीत आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा दिसली. कौल काहीही येवो, आजीने त्यावर सांगितलेला उपाय बहुधा नेमका असे, कारण दाणे सारता सारता ती विचारत राही: सून किती दिवस माहेरी आहे, म्हैस कोणाकडून घेतली, धाकट्याला काम लागले का. दाणे संपेपर्यंत समोरची बाई आपले सगळे बोलून मोकळी झालेली असे. सूप हे निमित्त होते. त्याच्याशिवाय ती बाई बोलली नसती, एवढी मात्र त्या सुपाची किंमत मी आजही मान्य करतो.

विंचवाच्या मंत्राचे तसे नाही. बहुतेक दंशांत वेदना काही तासांनी आपोआप ओसरते आणि श्रेय मंत्राला जाते. ज्या थोड्या दंशांत लाल विंचवाचे विष हृदयावर जाते तेथे मंत्र हात टेकतो आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेले प्राझोसिन हे औषधच लागते. सापांचेही हेच. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, म्हणूनच दर गावात एखादा उतरवणारा नावाजलेला असतो. हा मंत्र मी कधीच कोणाला दिला नाही आणि तुम्हालाही देणार नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘मला चेटूक शिकायचे आहे.’ ते वाचून मी थांबलो. विक्काचा प्रसार ज्यांनी केला ते जेराल्ड गार्डनर आयुष्याचा मोठा काळ सिलोन आणि मलायात मळ्यांवर व जकात खात्यात काढून इंग्लंडला परतले होते. तेथील १७३५ चा जादूटोण्यासंबंधीचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी आपल्या पंथाची ओळख करून देणारे पुस्तक उघडपणे छापले. तेव्हापासून तिकडे सुशिक्षित माणसे स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवून घेतात, आणि जुन्या काळी ज्या शब्दाने बायकांना फासावर चढवले गेले तो शब्द त्यांनी स्वेच्छेने अंगावर घेतला, यात धैर्य आहे हे मला मान्य आहे. आपल्याकडे मात्र हा शब्द कोणी स्वतःहून घेत नाही. तो दुसऱ्याने लावलेला असतो. आमच्या भावकीतल्या एका घरी लागोपाठ दोन जनावरे दगावली, तेव्हा आजी दाणे बघते म्हणजे करणीही करत असणार, असे ठरले. तिच्या अंगावर कोणी हात टाकला नाही, पण पाणवठ्यावर तिच्या घागरीशेजारी घागर ठेवायला बायका कचरू लागल्या आणि ज्या पोरांच्या नाळा तिने कापल्या होत्या ती पोरे तिच्या दारावरून पळत जाऊ लागली. तिने सूप वापरायचे सोडले ते त्या वर्षी. तेव्हा मराठीत बोलताना हा शब्द हौसेने वापरू नका. तुम्ही शहरात नोकरी करणारे तरुण आहात, तुम्हाला त्याचे काही लागणार नाही. पण तो शब्द ज्या विधवेच्या पाठीवर पडतो ती तुमच्याच तालुक्यात राहते.

आता माझ्या पहिल्या मोठ्या चुकीबद्दल. ग्रहणात पाण्यात उभे राहून मी काही शाबरी मंत्र सिद्ध केले होते, म्हणजे तसे मला वाटत होते. तंत्रग्रंथांत षट्कर्मे सांगितली आहेत: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. प्रत्येकाची दिशा, वार, रंग, आसन, माळ वेगळी. १९७८ च्या सुमारास आमच्या शेताच्या बांधावरून एका नातलगाशी वाद पेटला. तो दरवर्षी नांगराचे एक तास, म्हणजे एक सरी, आमच्या बाजूला सरकवायचा. कोर्टकज्ज्याला पैसे नव्हते आणि माझ्याकडे विद्या होती. मी २१ रात्री उच्चाटनाचा, म्हणजे माणसाला त्याच्या जागेवरून हुसकावण्याचा, प्रयोग केला. सामान मिळवायलाच महिना गेला होता. त्यात कावळ्याची पिसे होती, निंबाच्या काटक्या होत्या, मोहरी होती आणि त्याच्या पायाखालची माती होती, जी मी पहाटे त्याच्या खळ्यातून चोरून आणली. रोज रात्री दोन-अडीच तास, डोळे मिटून, त्याचा चेहरा समोर आणून, तो गाव सोडून चालला आहे असे बघायचे.

त्याला काहीही झाले नाही. पुढच्या हंगामात त्याचा ऊस उलट चांगला आला. मला मात्र झाले. एकाच माणसाच्या चेहऱ्यावर एवढे तास मन खिळवल्यावर तो चेहरा मनातून जातो कसा? पुढची दोन वर्षे मी कोणत्याही जपाला बसलो की तिसऱ्या मण्यावर तो समोर येऊन उभा राहायचा. देवीचे ध्यान करायला जावे तर देवीच्या जागी त्याच्या कपाळावरचा तीळ दिसायचा. उच्चाटन झालेच म्हणायचे तर माझे झाले, माझ्याच घरातून. एकाग्र मनाने वारंवार केलेली कृती करणाऱ्याच्या ठिकाणी नक्की उमटते. दुसऱ्यावर ती उमटते याचा पुरावा मला पन्नास वर्षांत मिळालेला नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि षट्कर्मांपैकी पहिले सोडून बाकीची पाच मी का टाकली याचेही. मांढरदेवीला काळूबाईच्या डोंगरावर झाडांच्या खोडांना खिळ्यांनी ठोकलेली लिंबे आणि काळ्या बाहुल्या मी पाहिल्या आहेत. एका खोडावर पासपोर्ट आकाराचा एक फोटो होता, दोन्ही डोळ्यांत खिळे मारलेला. फोटोतल्या माणसाचे काय झाले असेल याची काळजी मला वाटली नाही. तो फोटो पाकिटात घालून, डोंगर चढून, हातोडी घेऊन जो तेथवर आला होता, तो परत उतरताना कसा असेल, याचीच वाटली.

त्या चेहऱ्यातून सुटायचे म्हणून मी श्रीविद्येकडे गेलो, ज्ञानाच्या ओढीने नव्हे, हे कबूल केलेले बरे. वाईला घाटाजवळ राहणारे एक वृद्ध गुरुजी होते. मी तेव्हा एका साखर कारखान्यात हिशेबनीस होतो आणि दर पौर्णिमेला एस.टी.ने वाईला जात असे. पहिले आठ महिने त्यांनी मला मंत्र दिला नाही, पात्रे घासायला दिली. श्रीयंत्राच्या नऊ आवरणांच्या, म्हणजे नवावरण पूजेत कलश, सामान्य अर्घ्याचा शंख, विशेष अर्घ्याचे पात्र, त्यांची आधारपात्रे, असा पसारा फार. त्याच्या मांडणीलाच पात्रासादन असे वेगळे नाव आहे. चिंच आणि रांगोळीने घासताना मी एकदा चडफडलो, तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘पूजा सुरू झाली आहे, आणि तुम्ही ती बिघडवत आहात.’

श्रीयंत्र त्यांनी मला विकत घेऊ दिले नाही. कुंकवाने पाटावर काढायला लावले. शिवाचे चार त्रिकोण टोक वर करून, शक्तीचे पाच टोक खाली करून, आणि त्यांच्या छेदांतून लहान त्रिकोण बरोबर ४३ यायला हवेत. एका रेषेचे टोक गव्हाएवढे जरी सरकले तरी तीन रेषा जेथे एका बिंदूत भेटायच्या तेथे एक नकोसा चिमुकला त्रिकोण उघडतो, आणि मग सगळे पुसून पहिल्यापासून. मला ते जमायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत कधीतरी बांधावरच्या नातलगाचा चेहरा यायचा थांबला. केव्हा, ते वहीतसुद्धा नाही. रेषेवर लक्ष होते, त्याच्यावर नव्हते, एवढाच त्यातला चमत्कार. पुढे भूतशुद्धी, न्यास, आवरणांची पूजा असे सगळे रीतसर मिळाले आणि जवळजवळ वीस वर्षे मी ते केले. न्यासाबद्दल एक सांगतो. अंगठ्यापासून तळहातापर्यंत मंत्राचा एकेक भाग ठेवताना सुरुवातीला हात नुसते हलत असतात; वर्षाने बोटाच्या टोकाशी मन पोहोचते. हे वर्ष कोणी गाळू शकत नाही, चित्रफीत पाहून तर नाहीच.

पाश्चात्त्य मार्गाकडे मी चाळिशीत वळलो, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात इझ्राएल रेगार्डी यांचा ‘गोल्डन डॉन’च्या विधींचा जाडजूड संग्रह सापडला म्हणून. लंडनला १८८८ मध्ये वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन यांनी विधियुक्त जादूची ही गुप्त संस्था काढली होती आणि तिचे गुप्त विधी रेगार्डी यांनी १९३७ ते १९४० या काळात छापून टाकले. पहिल्याच विधीत मला ओळखीचे दिसले. आपण पूजेपूर्वी दिग्बंधन करतो, दिक्पालांना दिशा राखायला सांगतो. तेथे साधक चारी दिशांना हवेत पंचकोनी तारा रेखतो आणि पूर्वेला राफाएल, पश्चिमेला गाब्रिएल, दक्षिणेला मिखाएल, उत्तरेला ऊरिएल उभे आहेत असे ध्यान करतो. शरीराच्या मध्यरेषेवर प्रकाशाची पाच केंद्रे पाहण्याचा अभ्यासही आहे, तो आपल्या चक्रांच्या जवळ जातो, आणि त्यात नवल नाही, कारण कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी कुंडलिनीवरचा संस्कृत ग्रंथ १९१९ मध्येच इंग्रजीत नेऊन ठेवला होता. मी तीन वर्षे तो अभ्यास नेटाने केला. त्या परंपरेतल्या लेखकांचा रोजनिशीचा आग्रह मला फार पटला: तिथी, हवा, पोट साफ होते की नाही, मन कोठे पळाले, सगळे लिहायचे. आपल्याकडे साधनेविषयी बोलू नये असा संकेत आहे, तो चांगलाच. पण न बोलण्याच्या नावाखाली आपण स्वतःलाही हिशेब देत नाही. हिशेबनिसाला तरी हे खटकलेच पाहिजे.

तरीही तो मार्ग माझा झाला नाही. त्यातली देवनामे हिब्रू आहेत. मी ती पाठ केली, घुमवून उच्चारली, पण त्या अक्षरांना माझ्या कानात बालपण नव्हते. आणि एक दिवस मनात आले की ही कोणाच्या तरी प्रार्थनेतली नावे आहेत. आपल्या कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या ज्या देवाला हाक मारत आले त्याचीच ही नावे, आणि मी ती किल्लीसारखी कुलपात फिरवून बघत होतो. इतरांचे मला माहीत नाही, त्या समजुतीनंतर मला तो विधी करवेना. तुम्ही इंग्रजी माध्यमात शिकला आहात, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. पण यादीतला दुधारी सुरा घेण्यापूर्वी मंत्र कोणत्या भाषेत तुमच्या पोटातून उठतो, ते एकदा पाहा.

सामान कमी करायला मला कोणा सुधारकाने सांगितले नाही, परंपरेनेच सांगितले. भावनोपनिषदात देह हेच श्रीचक्र म्हटले आहे आणि श्रीविद्येचे थोर भाष्यकार भास्करराय यांनी त्यावर विवरण केले आहे. बाहेर मांडलेली प्रत्येक गोष्ट आत ओळखायची आणि मग बाहेरची ठेवून द्यायची, हा त्या पूजेचाच पुढचा पाठ आहे. मला तो उमदीला उमगला. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेवर, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारे हे गाव. भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३-१९१४) तेथले. त्यांच्या इंचगेरी परंपरेत गुरूने दिलेल्या नामावर बसायचे, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षे. याला ‘नेम’ म्हणतात. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात काही काळ शिकवणारे आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले गुरुदेव रानडे याच परंपरेतले. या मार्गाला पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीची वाट, असे म्हणतात. भाऊसाहेबांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराजांनी विचाराच्या बळाने झेप घेणारा विहंगम मार्ग, म्हणजे पक्ष्याची वाट, शिकवला, पण माझ्या पायांना मुंगीचीच चाल मानवली. या बैठकीला धूप लागत नाही, पात्र लागत नाही, दिशासुद्धा लागत नाही. प्रकाश, नाद, निळा बिंदू असे काही दिसू-ऐकू येते. वाडवडील त्याला खुणेचे दगड म्हणून ओळखतात आणि दगडावर कोणी मुक्कामाला थांबत नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींना समाधीतला उपसर्ग, म्हणजे अडथळा, म्हटले आहे, त्याचा अर्थ मला पुस्तकात नव्हे, बैठकीत कळला: जरा कुठे काही चमकले की मन लगेच ते कोणाला तरी दाखवायला उठते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या तळमजल्यात सहा दिवस पाणी होते. पात्रांची पेटी, आसने, रेगार्डींचा ग्रंथ, सगळे खाली होते. ग्रंथ भिजून उशीएवढा फुगला. चिखलातून पात्रे निघाली तेव्हा सुनेने विचारले, घासून ठेवू का? मी स्वतःच घासली, चिंचेने, चडफड न करता, आणि वाईला गुरुजींच्या घरी परत नेऊन दिली. वह्या मात्र माडीवर होत्या, त्या वाचल्या.

कायद्याविषयी. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. घरात बसून जप, पूजा, ध्यान करणाऱ्याला हा कायदा हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून गंडेदोरे करणे, एखाद्या व्यक्तीवर करणी करत असल्याचा शिक्का मारणे, हे त्याच्या अनुसूचीत आहे. दाभोलकरांशी माझे अनेक बाबतींत मतभेद आहेत. या यादीतल्या एकाही कलमाबाबत नाही. कारण हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी शेजारच्या एका मुलीला येणारे झटके मी ‘बाहेरचे’ समजून तीन अमावास्या उतारे करत बसलो होतो. शेवटी तिचा मामा तिला मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेला. अपस्मार निघाला, गोळ्या सुरू झाल्या, झटके आटोक्यात आले. ते तीन महिने त्या मुलीचे मी खाल्ले. त्या उताऱ्यांसाठी मी पैसे घेतले नव्हते, हे मी पूर्वी लोकांना सांगत असे. आता सांगत नाही, कारण त्याने काही हलके होत नाही.

गुरूवाचून श्रीविद्येत पाऊल टाकू नका; भीती म्हणून नव्हे, तर चुकीची रेषा पुसायला लावणारे कोणीतरी हवे म्हणून. नामाला ती अट नाही. गोंदवल्याच्या श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५-१९१३) तेरा अक्षरी रामनाम सगळ्यांना खुले करून ठेवले आहे. जो गुरू आधी तुमच्या घरात दोष दाखवतो आणि मग त्याचा खर्च सांगतो, त्याच्या ओटीवरून चहा न घेता उठा.

सुरुवातीला दोनशे पानी वही आणि घोंगडीचा एक तुकडा एवढेच घ्या. रोज एकाच वेळी अर्धा तास बसायचे, उठल्यावर चार ओळी लिहायच्या, वहीत स्वतःची बाजू घ्यायची नाही. सहा महिन्यांनी वही घेऊन सांगलीला या; गुरुवार सोडून कधीही चालेल. यादीतले बाकी सगळे खोडा. अष्टगंध राहू द्या, कराडच्या उन्हाळ्यात कपाळाला बरे वाटते.